सांधेदुखी : हातांचा उपचार आणि स्वतःचा पुरुषार्थ

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा मजकूर)



ज्या पिढीने या न्यासासाठी तन-मन-धन वेचले, ती पिढी आज सत्तरी-ऐंशीत आहे. मंदिराच्या पायऱ्या चढताना कठड्याचा आधार घ्यावा लागतो. सामायिकाची ४८ मिनिटे पुरी होण्याआधीच गुडघे अवघडतात. आयुष्यभर पेढीच्या गादीवर मांडी घालून बसणारे पुरुष असोत वा ओट्यापाशी तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या भगिनी असोत, कंबर आणि गुडघे कोणालाच सोडत नाहीत. मग कोणी दर्शन-वंदना कमी करतो, तर कोणी रोजच्या वेदनाशामक गोळीला शरण जातो. या दोहोंखेरीज तिसरा मार्ग आहे काय, हा आजच्या चिंतनाचा विषय आहे.

ऑस्टिओपॅथी ही त्या मार्गावरील एक उपचारपद्धती होय. तिचे जनक डॉ. अँड्र्यू टेलर स्टिल हे अमेरिकेतील वैद्य. १८६४ साली मेंदूज्वराने त्यांची तीन अपत्ये दगावली आणि तत्कालीन औषधांवरील त्यांचा विश्वास उडाला. १८७४ मध्ये त्यांनी आपला नवा विचार मांडला आणि १८९२ मध्ये मिसुरी राज्यातील कर्क्सव्हिल येथे पहिले विद्यालय स्थापन केले. हाडे, स्नायू व सांधे हे एकमेकांशी बांधलेले असून त्यांची हालचाल मोकळी राहिली तर शरीर स्वतःला सावरते, हे त्यांचे सूत्र होते. म्हणूनच या पद्धतीत औषधापेक्षा हातांना महत्त्व आहे : दाबणे, ताणणे, सांधा हळुवार फिरवणे. ब्रिटनमध्ये १९९३ च्या कायद्याने या व्यवसायाचे नियमन होते.

तथापि या उपचाराची मर्यादाही जाणून घेणे अगत्याचे आहे. कंबरदुखीत अशा हस्तोपचाराने काहींना आराम पडतो. परंतु ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी आणि २०२२ मध्ये सांध्यांच्या झिजेसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत हस्तोपचार हा व्यायामाच्या जोडीनेच सुचविला आहे. दुसऱ्याचे हात वेदना हलकी करतील, पण स्नायूंना बळ ज्याचे त्यानेच द्यावयाचे असते. आत्म्याच्या उन्नतीसाठी प्रत्येकाने स्वतः पुरुषार्थ करावा, असे सांगणाऱ्या धर्माच्या अनुयायांना हे निराळे समजावून सांगावयास नको.

हा पुरुषार्थ अवघड नाही. खुर्चीवर बसून एक पाय सरळ करावा, मांडीचा स्नायू आवळून पाच ते दहा सेकंद धरावा आणि सावकाश सोडावा. प्रत्येक पायाने दहा वेळा. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून उठणे-बसणे, जमेल तितक्या वेळा. सोबत रोजचे चालणे. प्रारंभी थोडे दुखेल, पण नियम सोडू नये. लाभ दिसण्यास दोन-तीन महिने लागतात. गरम पाण्याच्या पिशवीचा शेकही सुखावह ठरतो.

दुसरा उपाय शास्त्रांतील बाह्य तपांतच आहे : ऊनोदरी, म्हणजे भुकेपेक्षा दोन घास कमी खाणे. तिचा हेतू आत्मशुद्धीचा आहे. परंतु ज्याचे वजन अधिक आहे, त्याला शारीरिक लाभही होतो. एक किलो वजन घटले, तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी घटतो. शाकाहारात जीवनसत्त्व बी-१२ कमी पडू शकते आणि सावलीत वावरणाऱ्यांत ड जीवनसत्त्वाची उणीव आढळते. ड जीवनसत्त्वाच्या उणिवेने अंग दुखते, तर बी-१२ च्या अभावी हातापायांना मुंग्या येतात. म्हणून ही तपासणी करून घ्यावी.

आता काही सावधगिरीच्या गोष्टी. उपवासात किंवा रिकाम्या पोटी वेदनाशामक गोळी घेणे जठरास घातक असते. शरीरात पाणी कमी असताना मूत्रपिंडासही इजा संभवते. तपश्चर्येपूर्वी आपल्या नित्याच्या गोळ्यांविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे. ‘आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बिनलेबलच्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले आढळले आहे. त्यांनी येणारा चटकन आराम फसवा असतो. केशकर्तनालयात मान कडकन मोडून घेण्याची हौस टाळावी. मानेतील रक्तवाहिनीस इजा होऊन पक्षाघात झाल्याची उदाहरणे आहेत. हाडे ठिसूळ झालेल्यांनी जोरकस हस्तोपचार घेऊ नये. पायातील शक्ती एकाएकी गेली, लघवीवरील ताबा सुटला, तापासह सांधा लाल होऊन सुजला, किंवा पडल्यानंतर वेदना सुरू झाली, तर मालिश न करता तत्काळ रुग्णालय गाठावे.

आणि एक विनंती. ज्यांना खाली बसवत नाही त्यांनी खुर्चीवर बसून सामायिक करावे. त्यात कमीपणा नाही. समता मनाची असते, मांडीची नव्हे. न्यासानेही सभागृहात खुर्च्यांची एक रांग कायम राखावी आणि प्रवचनापूर्वी पंधरा मिनिटे ज्येष्ठांच्या व्यायामवर्गास द्यावीत. सुवर्णमहोत्सवाचे हे स्मारक दगडी नसेल, पण त्यायोगे मंदिराची पायरी चढणारी पावले वाढतील.

जय जिनेंद्र!