सोडचिठ्ठीचा कागद व पोटगीचा हक्क



पंचांनी लिहून दिलेला सोडचिठ्ठीचा स्टँपपेपर घेऊन भगिनी माझ्याकडे येतात व विचारतात, "वकीलसाहेब, आता माझा काही हक्क उरला काय?" मी सांगतो, बाई, सर्वच उरला आहे.

आपण धम्म स्वीकारला तरी १९५५ चा हिंदू विवाह कायदा आपणांस लागू आहे. नाव खटकते खरे. परंतु त्याच्या दुसऱ्या कलमात बौद्धांचा स्पष्ट उल्लेख आहे. तेव्हा नुसत्या अंगठ्याने विवाह मोडत नाही. फारकतीची जुनी रूढी कोणी पुढे केली, तर ती न्यायालयात सिद्ध करावी लागते. आणि जी जात आपण टाकली, तिच्या पंचांचा आधार कोणत्या तोंडाने घ्यावा?

स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या पत्नीस पोटगी मागता येते. घटस्फोट झाला असला तरी पुनर्विवाह करीपर्यंत. पूर्वीचे कलम १२५ ते १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ झाले. आपण माहेरी राहत असाल तर तेथील न्यायालयातही अर्ज चालतो. वकिलाच्या फीची चिंता नको. १९८७ च्या कायद्यान्वये स्त्रीस, तिचे उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ठरविले की, पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी. म्हणून अर्जास विलंब करू नका. वसुलीचेही तसेच. एका भगिनीने "देतो, देतो" या शब्दावर विसंबून तीन वर्षे घालविली. थकबाकीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत करावा लागतो. पहिल्या दोन वर्षांचे पैसे तिला या कलमाखाली मिळाले नाहीत.