भटक्यांच्या खुणा

श्रोतेहो, कल्याण, डोंबिवली किंवा ठाण्याच्या एखाद्या मजूर-नाक्यावर सकाळी उभे राहून पाहा. कामाच्या आशेने थांबलेल्यांत कुणापुढे घमेले, कुणाच्या हाती थापी, कुणाजवळ रंगाचा ब्रश. तोंडाने सांगावे लागत नाही. मुकादम ब्रश पाहतो आणि रंगारी ओळखतो. ही झाली उघडी खूण. पण पोटासाठी गावोगाव हिंडणाऱ्यांजवळ दुसऱ्याही खुणा असतात, परक्याला न कळणाऱ्या. आज त्यांविषयी बोलू.

अमेरिकेत 1865 साली यादवी युद्ध संपले, रेल्वे पसरली आणि मालगाडीत लपूनछपून बसून कामाच्या शोधात फिरणारे मजूर वाढले. त्यांना ‘होबो’ म्हणत. होबो म्हणजे भिकारी नव्हे, बरं का! तो काम करी आणि काम सरले की पुढची वाट धरी. मागून येणाऱ्या सोबत्यासाठी तो कुंपणावर खडूने किंवा कोळशाने खूण करून ठेवी, असे सांगतात. मांजर काढलेले असले तर समजावे, या घरची बाई मायाळू आहे. या खुणा जेवढ्या गाजल्या तेवढ्या खरोखर वापरात होत्या का, याविषयी अभ्यासकांना शंका आहे. असो.

आपल्याकडची नामी खूण भिंतीवर नाही, हातावर आहे. गोंधळ्यांची करपल्लवी आपल्यापैकी कित्येकांनी पाहिली असेल. एक गोंधळी श्रोत्याच्या तोंडून हळूच नाव ऐकतो, नुसती बोटे हलवतो आणि लांब उभा असलेला जोडीदार ते नाव खणखणीत सांगतो. लोक म्हणतात, देवीचा चमत्कार! चमत्कार कसला, ही तर बाराखडी. करपल्लवीची एक जुनी रीत अशी आहे: हाताचा नागफणा केला की स्वर, कमळ केले की क-वर्ग, चक्र म्हणजे च-वर्ग, धनुष्याचा टणत्कार म्हणजे ट-वर्ग, झाड म्हणजे त-वर्ग, डोंगर म्हणजे प-वर्ग. मग बोटे दाखवून वर्गातले कितवे अक्षर ते सांगायचे आणि चुटक्या वाजवून मात्रा. कमळ आणि तीन बोटे, झाला ‘ग’. गुरुजी, वर्गात एकदा करून पाहा. मुले तासभर हलणार नाहीत.

हातांप्रमाणे बोलीही. अनेक भटक्या जमातींच्या आपसातल्या गुप्त बोलीला पारुशी म्हणतात. परक्या गावात, दहा अनोळखी माणसांच्या घोळक्यात, ‘इथे थांबण्यात अर्थ नाही, चला’ एवढे बायकोला सांगायचे तर दुसरा उपाय काय? व्यापारी रुमालाखाली बोटे धरून बैलाचा भाव करतात, त्याला आपण हुशारी म्हणतो. भटक्याची बोली कळली नाही की मात्र आपल्याला लगेच चोर आठवतो.

हा संशय नुसता मनात राहत नाही. 1871 साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे तो मुंबई इलाख्यातही आला. जन्मालाच गुन्हा चिकटला, पोलिसांकडे हजेरी लागली. तो कायदा स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, 1952 साली रद्द झाला. पण 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, आठवडी बाजाराच्या दिवशी, डवरी गोसावी समाजाची पाच माणसे जमावाने ठेचून मारली. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशी आवई मोबाइलवरून गावोगाव पसरलेली होती. 16 एप्रिल 2020 च्या रात्री गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक असेच अफवेपायी गेले. तो पालघर जिल्हा 2014 पर्यंत आपल्या ठाणे जिल्ह्याचाच भाग होता.

तेव्हा दारावर खडूची फुली दिसली, किंवा शिवारात अनोळखी पाल पडले, तर काठी घेऊन धावू नका. आधी जाऊन नाव-गाव विचारा, पाणी द्या. शंका फिटलीच नाही तर पोलीसपाटलांना सांगा, नाहीतर 112 क्रमांकावर फोन करा. आणि मोबाइलवर आलेला मजकूर पुढे ढकलू नका.

गुरुजी, त्या पालात शाळेच्या वयाची पोरे असतील. जन्माचा दाखला नाही म्हणून 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्रवेश नाकारता येत नाही. चार महिने थांबणार असली तरी त्यांची नावे हजेरीपटावर घ्या. त्यातल्या एखाद्याला करपल्लवी येत असेल, तर फळ्याजवळ त्यालाच उभे करा.