आधी वाटा, मग त्याग

बंधू-भगिनींनो,

व्यासपीठावरून हे दोन शब्द सहज उच्चारले जातात. त्यांची खरी कसोटी लागते ती दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात, हक्कसोडपत्रावर बहिणीची सही घेतली जाते त्या घटकेला. आजचा विषय त्या एका सहीचा आहे.

भोसरी हे मूळचे शेतकऱ्यांचे आणि पैलवानांचे गाव. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे येथील शेतांत कारखान्यांच्या शेड उभ्या राहिल्या. १९७० साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी या चार गावांची मिळून नगरपालिका झाली, १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण आले आणि १९८२ साली महानगरपालिका झाली. एका पिढीच्या हयातीतच एकराने मोजले जाणारे रान गुंठ्याच्या भावाने विकले जाऊ लागले. जमीन केवळ पोट भरत होती, तोवर तंटा असे तो भावाभावांतला, बांधाचा. जमिनीला सोन्याचे मोल आले आणि तो तंटा राखी बांधणाऱ्या हातापर्यंत येऊन पोहोचला.

कायद्याने याविषयी संदिग्धता ठेवलेली नाही. महाराष्ट्राने १९९४ सालीच, त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत सहदायाद, म्हणजे जन्मतः हिस्सेदार मानले. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या केंद्रीय दुरुस्तीने विवाहित-अविवाहित हा भेदही संपवला. वडील २००५ पूर्वी वारले असले तरी मुलीचा हा हक्क जात नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात दिला. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या आणि व्यवहार तेवढे अबाधित राहिले.

कायदा असा स्पष्ट. आणि घरातील रीत? वडिलांचे दिवसकार्य आटोपते. सातबाऱ्यावर वारसांची नावे लागतात. मग एके दिवशी बहिणीला निरोप येतो, ‘ताई, जरा सहीला यायचंय, आधार कार्ड आण.’ गाडी दाराशी येते. कागद कसला, त्यात क्षेत्र किती, हे कोणी सांगत नाही आणि तीही विचारत नाही. विचारले तर माहेर तुटेल, ही धास्ती तिच्या मनात असते. सही होते, अंगठा उमटतो, छायाचित्र निघते. दुपारी जेवण होते, साडीचोळी होते. पुढच्या भाऊबीजेला मात्र ती ‘मुलांची परीक्षा आहे’ म्हणून येत नाही. घरात भांडण झालेले नसते. म्हणूनच ते मिटवायलाही कोणी जात नाही.

या चित्राला भावाचीही एक बाजू आहे आणि ती खोटी नाही. आईवडिलांचे आजारपण त्याने काढलेले असते. बहिणीच्या लग्नाचे कर्ज त्याने फेडलेले असते. रान कसताना त्याने स्वतःचे शिक्षण सोडलेले असते. हे सारे मोजले गेलेच पाहिजे. परंतु ते बहिणीसमोर बसून मोजले पाहिजे. मनातल्या मनात हिशेब मांडून तिच्या नावावर परस्पर शून्य लिहिणे, हा हिशेब नव्हे.

‘आमच्या बहिणींनी आनंदाने हक्क सोडला,’ असे अभिमानाने सांगितले जाते. अनेक घरांत ते खरेही असते. भावाची ओढाताण पाहून आपला वाटा त्याच्या पदरात टाकणाऱ्या बहिणी आहेत आणि त्यांचे मन मोठे आहे. पण त्याग कशाचा होतो? जे हातात आले आहे, त्याचा. ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक असेल, तरच ‘हो’ला मोल येते. जिला विचारलेच गेले नाही, तिचा त्याग होत नाही; तिची केवळ सही होते. दबावाने वा फसवून घेतलेल्या अशा सहीला न्यायालयात आव्हान देता येते, हेही ध्यानी असावे.

भोसरीपासून जवळच असलेल्या देहूने याचा धडा फार पूर्वी घालून दिला आहे. तुकोबांच्या घरी पिढीजात सावकारी होती. परंपरा सांगते, की वैराग्य आल्यावर कर्जखते इंद्रायणीत बुडवताना तुकोबांनी आधी त्यांचे दोन भाग केले. धाकटे बंधू कान्होबा यांचा अर्धा भाग त्यांच्या हाती ठेवला आणि केवळ आपला अर्धा भाग नदीला दिला. एवढा मोठा विरक्त पुरुष; पण भावाच्या वाट्याचे वैराग्य त्याने परस्पर ठरवले नाही. ज्या घरात बहिणीच्या वाट्याचा त्याग भाऊच ठरवून टाकतो, त्या घराने ही कथा पुन्हा एकदा वाचावी.

मग करावे काय? आईवडील हयात असतानाच सर्व मुलामुलींना एकत्र बसवावे. सातबारा, घराचे कागद, कर्जे, सारे समोर ठेवावे. कोणी काय केले, कोणाला काय हवे, हे मोकळेपणाने बोलू द्यावे. ठरेल ते लिहून नोंदवावे. वडिलांना आपल्या स्वतःच्या हिश्शाचे मृत्युपत्र करता येते. मुलीच्या हिश्शाचे नव्हे. ‘सारे आत्ताच दिले, तर उद्या आम्हाला कोण विचारील?’ ही वृद्धांची भीती रास्त आहे. त्यावर २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक कायद्याचा आधार आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि अट मोडली गेली, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकते. मात्र ती अट कागदावर स्पष्ट लिहावी.

अशा बैठकीत आवाज चढतील, डोळ्यांत पाणी येईल. येऊ द्यावे. आईच्या समोर झालेले भांडण आईच्या समोरच मिटते. तिच्या माघारी धरलेला अबोला पुढची पिढीही पाळते. कदाचित सारे ऐकून घेतल्यावर बहीण म्हणेल, ‘दादा, मला काही नको.’ त्या दिवशी तिने खरोखरच काही दिलेले असेल. कदाचित ती म्हणेल, ‘माझे दोन गुंठे मला हवेत.’ तेही तितक्याच प्रेमाने द्यावे. दोन गुंठे गेल्याने घर मोडत नाही. भाऊबीजेचे ताट रिकाम्या पाटासमोर राहिले, तर मात्र ते मोडले असे समजावे.