आईबरोबर खैरागडला



शाळेच्या हीरक महोत्सवात संस्थापकांचे, शिक्षकांचे आणि देणगीदारांचे स्मरण केले जाते, आणि ते उचितच आहे. परंतु भिलाईसारख्या हिंदीभाषी नगरीत मराठी शाळेच्या वर्गात मुले येऊन बसली, त्यामागे आणखी एक वर्ग उभा होता. तो म्हणजे या मुलांच्या आयांचा. नागपूर, वर्धा, अमरावती, भंडारा येथून या स्त्रिया लग्न होऊन आल्या आणि सेक्टरमधील क्वार्टरमध्ये त्यांनी संसार मांडले. पतीची पहिली, दुसरी आणि रात्रपाळी, हेच त्यांच्या घरचे घड्याळ होते. माहेरी त्यांनी जे शिकून ठेवले होते, त्याची चौकशी करण्यास मात्र कोणाला सवड झाली नाही.

भिलाईच्या मराठी घरांत सहलीचीही एक ठरलेली वाटणी होती. मुलांसाठी मैत्रीबाग आणि आईसाठी डोंगरगड. बम्लेश्वरीचे दर्शन घडविले की आईला फिरविल्याचे समाधान मुलांना लाभे. आईच्या श्रद्धेचा मान राखला जावा, यात दुमत नाही. परंतु आईला केवळ श्रद्धाच असते, कुतूहल नसते, आवड नसते, हे कोणी ठरविले? आजच्या भाषणाचा विषय हाच आहे, आणि त्यासाठी भिलाईहून राजनांदगावमार्गे सुमारे ८० किलोमीटरवर असलेल्या खैरागड या लहानशा गावाचे उदाहरण घ्यावयाचे आहे.

खैरागडची थोरवी एका कन्येच्या स्मृतीशी जोडलेली आहे. तेथील राजे वीरेंद्र बहादुर सिंह आणि राणी पद्मावतीदेवी यांची संगीताची आवड असलेली कन्या इंदिरा अल्पवयात निवर्तली. शोकाकुल मातापित्यांनी तिच्या नावाने संगीताचे शिक्षण सुरू केले आणि पुढे आपला कमलविलास राजवाडाच त्या कार्याला अर्पण केला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी तेथे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयाचे उद्घाटन झाले. गायन, वादन, नृत्य, चित्र, शिल्प आणि लोककला यांसाठीच स्थापन झालेले हे विद्यापीठ.

त्या तारखेला वैदर्भीय मनात आणखी एक स्थान आहे. त्याच दिवशी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. नागपूर आणि खैरागड त्या दिवशी एकाच राज्यात होती, कारण जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर हीच होती. अवघ्या अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यपुनर्रचनेने दोघांमध्ये सीमारेषा आखली. भिलाईत आलेल्या स्त्रियांचे माहेर परप्रांतात गेले ते असे.

या विद्यापीठाच्या जडणघडणीत मराठीचाही वाटा आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ हा आपला मोठा ग्रंथ मराठीत, गुरुशिष्यांच्या संवादरूपाने लिहिला. त्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी लखनौच्या मॅरिस कॉलेजची धुरा दीर्घकाळ वाहिली आणि त्यानंतर खैरागडच्या आरंभीच्या वर्षांत तेथील कुलगुरुपद भूषविले.

आता एका माजी विद्यार्थ्याची हकीकत. नोकरीनिमित्त दूर गेलेला हा मुलगा हिवाळ्यात चार दिवसांसाठी घरी आला. आईचे वय चौऱ्याहत्तर, गुडघे दुखरे. रोप-वेने डोंगरगड करावे, असा त्याचा बेत होता. आई म्हणाली, “अरे, डोंगरगड चार वेळा झालं. एकदा खैरागड दाखव.”

कारण विचारले तेव्हा प्रथमच कळले की, लग्नापूर्वी तिने अमरावतीला पाच वर्षे गाणे शिकले होते. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकमालिकेचे भाग तिच्या शिक्षकांकडे होते, आणि रातंजनकरांचे नाव घेताना ते शिक्षक कानाला हात लावीत. लग्न ठरले आणि पुढची परीक्षा राहिली. पेटी भावाकडे राहिली. भिलाईच्या क्वार्टरमध्ये शेजारी रात्रपाळी करून झोपलेले असत, त्यामुळे सकाळचा रियाज कोणत्या घरी करावा? मुलाने तिचा आवाज ऐकला होता तो फक्त आरतीत.

वाटेत दोघे राजनांदगावला थांबली. तेथील दिग्विजय महाविद्यालयही एका जुन्या संस्थानी वास्तूत, तलावांच्या काठी वसले आहे. १९५८ पासून तेथे गजानन माधव मुक्तिबोध अध्यापन करीत. घरची भाषा मराठी, लेखन हिंदीत. त्यांचे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मात्र मराठीत लिहिते राहिले. एकाच आईची दोन मुले दोन भाषांत मोठी झाली. तेथील संग्रहालय पाहून आई एवढेच म्हणाली, “म्हणजे आपली मुलं हिंदीत गेली म्हणून हरवली, असं नाही.” शाळेतील पटसंख्येच्या चिंतेने ग्रासलेल्या पालकांनी हे वाक्य ऐकण्यासारखे आहे.

खैरागडला वाड्याच्या ओसरीशी ती थांबली. आत काही मुली गात होत्या. तिने हाताने मुलाला थांबविले आणि हळूच सांगितले, “यमन आहे. मध्यम तीव्र लागतोय, ऐक.” मग आरोह कसा, अवरोह कसा, दोन्ही मध्यम आले की यमनकल्याण कसा होतो, हे तिने पायरीवर बसून समजावले. मुलगा अभियंता, वय पन्नाशीचे. परंतु त्या अर्ध्या तासात तो पुन्हा विद्यार्थी झाला होता. निघताना ती म्हणाली, “डाव्या कानानं आता कमी येतं. आणखी दोन वर्षांनी आणलं असतंस, तर हे ऐकू आलं नसतं.” या वाक्यात तक्रार नव्हती. मुलाला मात्र परतीच्या वाटेवर फारसे बोलता आले नाही.

घरी आल्यावर त्याने पेटी आणण्याचे सुचविले. आईने नकार दिला. बोटे आता ऐकत नाहीत, असे ती म्हणाली. सारेच परत मिळते, असे नाही. परंतु सायंकाळी फोनवरून नातीला ती सरगम सांगते, आणि सांगते ती मराठीत.

पालकहो, अशा सहलीला फार खर्च लागत नाही. एक वार, थंडीचा ऋतू आणि घाई न करण्याचा निश्चय पुरेसा आहे. सुट्टीच्या दिवशी गेल्यास नुसता वाडा दिसेल. विद्यापीठ पाहावयाचे तर वर्ग चालू असताना, परवानगी घेऊन जावे. आणि निघण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा, “आई, तुला काय पाहायचं आहे?” उत्तर डोंगरगड आले तर डोंगरगडला जावे. कोणाची आई खैरागड म्हणेल, कोणाची नागपूरच्या जुन्या वाचनालयाचे नाव घेईल.

राजाराणींनी गेलेल्या मुलीसाठी राजवाडा दिला. ज्यांची आई अजून घरात आहे, त्यांनी तिला एक दिवस द्यावा, एवढेच मागणे आहे. या शाळेने साठ वर्षे मुलांना प्रश्न विचारण्यास शिकविले. त्यांतला हा एक प्रश्न घरी विचारावयाचा राहिला असेल, तर या वर्षी विचारावा.