औद्योगिक विकास कोणाचा? कारखान्याला विचारायचे तीन प्रश्न

(विहाराच्या वर्धापनदिन समारंभात केलेले भाषण)



कमिटीने आम्हाला विषय दिला आहे 'उद्योगधंदे आणि विकास'. विषय मोठा आणि आमचं शिक्षण कमी. पण आम्ही गिरणीत राबलेली माणसं. 1982 च्या संपानंतर बदली कार्डावर लागलेली आमची पिढी. कापसाची गाठ फुटते तिथपासून कापडाचा तागा बांधला जातो तिथपर्यंत सगळं डोळ्यांनी बघितलं. त्या ताग्याचा पैसा कुठे कुठे जातो, ते पुढे पुस्तकं वाचून आणि कामगारांच्या बैठकांत बसून शिकलो. तोच हिशेब आज आपल्यापुढे ठेवतो.

पेपरात रोज वाचतो, इतक्या हजार कोटींची गुंतवणूक येणार, इतक्या लोकांना रोजगार मिळणार. वाचून बरं वाटतं. पण कारखाना आला म्हणजे विकास झाला, असं समजून आपण गप्प बसू नये. त्याला तीन प्रश्न विचारावेत. पहिला, आत काम कोणाला आणि कोणतं? दुसरा, नफा झाला तर तो कुठे जातो? तिसरा, कारखाना बंद पडला तर मागे राहिलेली जमीन कोणाची? मुंबईच्या गिरण्यांनी या तिन्ही प्रश्नांची उत्तरं आपल्याला दाखवलेली आहेत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. उद्योग नकोत, असं आमचं म्हणणं मुळीच नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी 1918 साली भारतातल्या लहान शेतजमिनींवर एक निबंध लिहिला. त्या वेळी मोठमोठे विद्वान म्हणत होते, शेताचे तुकडे फार झाले, ते एकत्र करा म्हणजे शेती सुधारेल. बाबासाहेबांनी दाखवून दिलं की शेत लहान का मोठं हे नुसत्या एकरावर ठरत नाही. बैल, अवजारं, भांडवल किती आहे त्यावर ठरतं. खरी अडचण ही की जमिनीवर माणसं जास्त आणि भांडवल कमी. ज्या शेताला दोन माणसं पुरतात तिथे पाच जण राबतात. वरचे तिघे खातात, पण त्यांच्यामुळे पीक वाढत नाही. या माणसांना दुसरं काम द्या, म्हणजे देशात कारखानदारी वाढवा, शेती आपोआप सुधारेल. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी त्यांनी हे मांडलं.

आपल्या आजोबा-पणजोबांनी तर हे पुस्तक न वाचताच ओळखलं होतं. गावात बलुतं होतं. किती द्यायचं ते देणाऱ्याच्या मर्जीवर. सुगी आली की खळ्यावर जाऊन उभं राहायचं, मिळेल ते पदरात घ्यायचं. गिरणीत मात्र पगाराचा आकडा ठरलेला. कमी का होईना, पण तो हक्काचा पैसा. कोकणातनं, घाटावरनं आपली माणसं मुंबईला आली ती याचसाठी. गावाकडे मनिऑर्डर गेली, पोरं शाळेत बसली. गिरणीचे हे उपकार नाकारून चालणार नाही.

आता पहिला प्रश्न घेऊ. आत काम कोणाला?

मुंबईची पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी 1854 साली स्थापन केली आणि 1856 मध्ये ती ताडदेवला सुरू झाली. पुढे गिरण्यांचं रानच उठलं. त्यांत आपल्या माणसांना काम मिळालं, पण जास्त पगाराचं जे विणकामाचं खातं, त्याचा दरवाजा बंद. कारण काय, तर धोटा. मागावर चालणाऱ्या धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची आणि धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यायचं. आपल्या माणसाचं तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगार कसा घेणार? म्हणून आपली माणसं कमी पगाराच्या खात्यांत. यंत्र विलायतेहून आलं, पण त्याच्याभोवती उभी राहिलेली माणसं गावची जात बरोबर घेऊन आली. 1928 चा मोठा संप सहा महिने चालला. त्या वेळी कामगार पुढाऱ्यांच्या मागण्या पुष्कळ होत्या, पण हा प्रश्न बाबासाहेबांना लावून धरावा लागला. 1938 साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे कामगारांचे दोन शत्रू सांगितले, त्याच्यामागे धोट्यासारखे अनुभव होते.

आज कोणी धोटा तोंडाला लावत नाही. पण प्रश्न गेला का? नव्या कंपनीत आपली मुलं कायम कामगार म्हणून घेतली जातात, की ठेकेदारामार्फत साफसफाईला आणि पहाऱ्याला? एकाच छपराखाली एकाला कंपनीचं ओळखपत्र आणि दुसऱ्याला ठेकेदाराचा कागदसुद्धा नाही, हाही बंद दरवाजाच झाला. म्हणून हजार नोकऱ्या येणार असं कोणी म्हणालं तर विचारा, कोणत्या हजार?

दुसरा प्रश्न, नफा कुठे जातो?

यंत्र झिजतं. वीस-पंचवीस वर्षांनी ते बदलावंच लागतं. त्यासाठी दरवर्षी नफ्यातून काही रक्कम बाजूला काढायची, तिला हिशेबात घसारा म्हणतात. आपण घराच्या छपरासाठी पैसे मागे टाकतो ना, तसंच. आता मुंबईच्या गिरण्यांची रीत बघा. कारभार बघणाऱ्या मॅनेजिंग एजन्सीला सुरुवातीच्या काळात मालाच्या पौंडामागे पाव आणा कमिशन होतं. गिरणी नफ्यात असो वा तोट्यात, माल निघाला की कमिशन पक्कं! मग यंत्र सुधारण्याची काळजी कोण करणार? पहिल्या महायुद्धाच्या वेळी आणि त्यानंतर काही वर्षं गिरण्यांना भरमसाट नफा झाला, मोठमोठे लाभांश वाटले गेले. मंदी आली तेव्हा मात्र 1925 साली पगारात साडेअकरा टक्के कपात जाहीर झाली. कामगारांनी संप केला. सरकारने कापडावरचा साडेतीन टक्के अबकारी कर उठवला तेव्हा कुठे कपात मागे गेली. म्हणजे सुगीत मालकाचा वाटा मोठा आणि दुष्काळात कामगाराची भाकरी लहान. ही मॅनेजिंग एजन्सी पद्धत कायद्याने बंद व्हायला 1970 साल उजाडलं.

पुढे भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी इथे यंत्रमाग वाढले. तिथे बारा-बारा तासांची पाळी, फंड नाही, ग्रॅच्युइटी नाही. त्यामुळे तिथलं कापड स्वस्त पडलं. काही गिरण्यांनी स्वतःचे माग कमी करून तिथूनच कापड विणून आणलं आणि त्यावर आपला छाप मारला. स्वातंत्र्याच्या सुमारास देशातल्या कापडात गिरण्यांचा वाटा सर्वांत मोठा होता, शतक संपताना तो दहा टक्क्यांच्याही खाली गेला. लोक म्हणतात, 1982 च्या संपाने गिरण्या बुडाल्या. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले हे खरं. संपात हजारो संसार धुळीला मिळाले हेही खरं. पण जुनाट यंत्रं आणि बाहेर गेलेलं विणकाम ही कीड संपाच्या आधीपासून लागलेली होती. आतून पोखरलेलं झाड एका वादळात पडलं, तर सगळा दोष वादळाला देऊन कसं चालेल?

तिसरा प्रश्न जमिनीचा. हा सर्वांत महत्त्वाचा, आणि आपण तोच सर्वांत उशिरा विचारतो.

गिरण्या उभ्या राहिल्या तेव्हा परळ, लालबाग, वरळी ही शहराच्या कडेची जागा. शंभर वर्षांत शहर तिच्या चारी बाजूंनी वाढलं. जमिनीचा भाव वाढला तो कोणामुळे? रेल्वे आली, पाणी आलं, लाखो माणसं राबली, म्हणून. मुंबईत गिरण्यांची जमीन सुमारे 600 एकर. एक वेळ अशी आली की कापड विकून जे वर्षानुवर्षं मिळणार नाही ते जमीन विकून एका सहीत मिळू लागलं. अशा वेळी गिरणी चालवण्यात मालकाला गोडी कशी राहील? 1991 च्या विकास नियमावलीतल्या 58 व्या नियमाने ठरवलं की या जमिनीचा एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि बाकी मालकाला. पण 2001 साली नियम बदलला. वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची करायची, शेड पाडून मोकळी झालेली जागा त्यात धरायची नाही. एका शब्दाच्या अर्थाने शेकडो एकरांचा हिशेब फिरला. उच्च न्यायालयाने 2005 मध्ये लोकांच्या बाजूने निकाल दिला, 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो उलटला. 2005 सालीच राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या पाच गिरण्यांची जमीन सुमारे दोन हजार कोटींना विकली गेली. गिरणी कामगारांच्या घरांची पहिली मोठी सोडत निघाली 2012 साली, आणि अर्ज होते दीड लाखाच्या आसपास. तोवर किती जण चाळीतल्या खाटेवर वाट बघत गेले, ते तुम्ही-आम्ही जाणतो.

पण याच जमिनीचा दुसरा दाखलाही आपल्याजवळ आहे. चैत्यभूमीशेजारची इंदू मिलची साडेबारा एकर जागा. ती बाबासाहेबांच्या स्मारकासाठी मिळावी म्हणून समाजाने वर्षानुवर्षं मागणी केली, रस्त्यावर उतरला, आणि शेवटी 11 ऑक्टोबर 2015 ला तिथे पायाभरणी झाली. लोक जागे राहिले तर जमीन लोकांकडे येते, याचा हा पुरावा.

मग उपाय काय? बाबासाहेब नुसता रोग सांगून थांबले नाहीत. 1942 ते 1946 ते मजूर खात्याचे मंत्री होते. वीज स्वस्त आणि मुबलक असल्याशिवाय कारखानदारी वाढणार नाही, हे त्यांनी 1943 मध्येच सांगितलं आणि दामोदर खोऱ्यासारख्या योजनांचा पाया घातला. त्याच काळात आठवड्याचं काम 54 तासांवरून 48 तासांवर आणणारी कायदादुरुस्ती झाली. आणि 1947 साली 'राज्ये आणि अल्पसंख्याक' मध्ये त्यांनी मांडलं की मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत आणि ही गोष्ट घटनेतच लिहावी, म्हणजे सरकार बदललं तरी ती बदलणार नाही. ते सगळं घटनेत आलं नाही. पण वीज आणि यंत्र एका हाताने आणायचं आणि कामगाराचा हक्क दुसऱ्या हाताने कायद्यात बांधायचा, ही त्यांची रीत आपल्यापुढे आहे.

शेवटी वस्तीतल्या तरुणांना चार गोष्टी सांगतो. नोकरी लागली की नेमणुकीचं पत्र आणि पगाराची पावती मागून घ्या, लाजू नका. फंडात पैसे खरोखर जमा होतात का ते दर महिन्याला मोबाइलवर बघा. हातात एक तरी कौशल्य असं ठेवा की एक दरवाजा बंद झाला तर दुसरा उघडेल. आणि चौथं, युनियन म्हणजे जुन्या लोकांचं खूळ समजू नका. एकटा कामगार साहेबापुढे अर्जदार असतो, दहा जण गेले की ती मागणी होते. भगिनींनाही सांगणं आहे. आम्ही संपात उभे राहिलो ते खानावळी चालवून, शिवणकाम करून घर तगवणाऱ्या बायांच्या जिवावर. त्या कामाची नोंद कुठल्या ताळेबंदात नाही. आपण तरी ती ठेवावी.

कमिटीला आमची एक सूचना आहे. विहारात धम्मवर्ग चालतो, अभ्यासिका चालते. महिन्यातून एक रविवार पगाराची पावती, फंड, ठेकेदारी आणि कामगार कायदा समजावून सांगायला ठेवावा. पहिल्या रविवारी कागदपत्रं घेऊन आम्ही स्वतः बसायला तयार आहोत.



जय भीम! नमो बुद्धाय!