बसऱ्याच्या भिंतीवरील आकडे

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



शताब्दीसारख्या मंगल प्रसंगी युद्धाचा विषय काढणे काहींना विजोड वाटेल. परंतु नोंद ठेवणे हे ग्रंथालयाचे आद्य कर्तव्य आहे, आणि आज मी ज्या युद्धाविषयी बोलणार आहे त्यात आपल्या माणसांवर मोठा अन्याय झाला तो नोंदीच्याच बाबतीत. म्हणून हा विषय आपल्यापुढे मांडण्यास हेच स्थळ योग्य आहे, असे मी मानतो.

बसरा हे नाव मराठी घरात पूर्वीपासून परिचित होते ते मोत्यांमुळे. नथीतला मोती बसऱ्याचा असला की त्याचे मोल निराळे. पहिल्या महायुद्धानंतर मात्र सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर या भागांतील कित्येक घरांत त्याच नावाला दुसरा अर्थ आला. घरातला कर्ता मुलगा जिथे गेला आणि परतला नाही, ते गाव म्हणजे बसरा.

१९१४ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, सैन्य उतरविले. त्या काळी जगात त्यांच्याइतकी प्रबळ सत्ता दुसरी नव्हती. इराणी तेलाचे रक्षण हा प्रारंभीचा हेतू होता. बसरा सहज हाती आले, तशी हाव वाढली आणि बगदादचे स्वप्न पडू लागले. या मोहिमेची सूत्रे प्रारंभी हिंदुस्थान सरकारच्या हाती होती आणि लढणारे बहुतांशी हिंदी शिपाई होते. आघाडीवरील सहाव्या डिव्हिजनचे नावच पुणे डिव्हिजन. तीत १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा तीन मराठा पलटणी होत्या.

सेनापती टाउनशेंड यांची फौज १९१५ च्या नोव्हेंबरात टेसिफॉन येथे अडली आणि माघारी फिरून कूत अल-अमारा या गावात शिरली. तिथे तिला तुर्कांनी वेढले. १४७ दिवस तो वेढा चालला. अन्न संपले, तेव्हा घोडी मारून खाण्याची वेळ आली. अनेक हिंदी शिपायांनी धर्माच्या धाकाने ते मांस बराच काळ वर्ज्य केले आणि उपासमारीने ते खंगत गेले. सुटकेसाठी पाठविलेल्या फौजेचे सुमारे २३ हजार लोक जायबंदी झाले किंवा मेले, तरी वेढा उठला नाही. अखेर तुर्कांना लक्षावधी पौंड देऊ करण्याचा मार्गही चोखाळून पाहण्यात आला. तो त्यांनी झिडकारला. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार माणसे शरण गेली. सेनापती इस्तंबूलजवळच्या बेटावर सुखाने राहिले. शिपाई वाळवंटातून पायी हाकले गेले आणि त्यांतील हजारो कैदेतच मेले.

या बातम्यांनी इंग्लंडातही संताप उसळला. चौकशी आयोग नेमला गेला. १९१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालात औषधोपचार आणि नदीवरील वाहतूक यांच्या हेळसांडीवर कठोर ठपका होता. भारतमंत्री चेंबरलेन यांनी राजीनामा दिला आणि त्यांच्या जागी आलेल्या माँटेग्यूंनी २० ऑगस्ट १९१७ ची प्रसिद्ध घोषणा केली. हिंदुस्थानला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याच्या त्या वचनामागे कूतच्या वाळूत पडलेल्या शिपायांचाही हात आहे, हे आपण विसरतो. १९१८ च्या जूनमध्ये मुंबईच्या युद्धपरिषदेत लोकमान्य टिळकांनी सैन्यभरतीबरोबर स्वराज्याचा प्रश्न काढला, तेव्हा गव्हर्नर विलिंग्डन यांनी त्यांना अडविले आणि लोकमान्य सभा सोडून गेले. रक्त द्यावे, प्रश्न विचारू नये, ही साम्राज्याची अपेक्षा होती. महायुद्ध संपल्यावरही तिथली लढाई संपली नाही. १९२० साली इराकी जनतेने बंड केले, ते मोडण्यासाठीही हिंदी पलटणीच धाडण्यात आल्या.

या सगळ्यात धार-देवासचे स्थान कोणते? पवारांची ही राज्ये एके काळी मोहिमांच्या जोरावर उभी राहिली. देवासने १८१८ च्या डिसेंबरात आणि धारने १८१९ च्या जानेवारीत इंग्रजांशी तह केले, तेव्हापासून युद्ध करावे की न करावे, हा निर्णय या भूमीवर होईनासा झाला. तो सिमल्याला आणि लंडनला होऊ लागला. १९१८ साली देवासच्या दोन्ही पात्यांच्या अधिपतींना महाराजा ही पदवी मिळाली. राजांची नावे अशी लांबली, शिपायांची मात्र पुसली गेली.

हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. बसऱ्याच्या स्मारकावर ४० हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे. त्यात गोऱ्या सैनिकांची नावे आहेत, हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. परंतु सामान्य हिंदी शिपायांचा तिथे पलटणवार केवळ आकडा कोरलेला आहे. २०२१ साली संबंधित आयोगाने या भेदाबद्दल जाहीर क्षमा मागितली. आपल्याकडील गावांत चावडीवर वा शाळेच्या भिंतीवर ज्या संगमरवरी पाट्या दिसतात, त्यांवरही हेच. या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. नाव एकाचेही नाही. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या एका गावाचे ४६ जण त्या युद्धात कामी आले.

आपल्या धारमध्ये लाट मशिदीजवळच्या लोहस्तंभावर दक्षिणेच्या स्वारीवर निघालेल्या अकबराचा लेख आहे. बादशहा चार दिवस थांबला, तरी त्याचे नाव लोखंडावर उरले. व्हिएतनामचे युद्ध अमेरिकेत अत्यंत अप्रिय ठरले. तरीही वॉशिंग्टनमध्ये १९८२ साली उभारलेल्या भिंतीवर ५८ हजारांहून अधिक मृतांची नावे एकेक करून कोरली गेली. युद्ध चुकीचे ठरले म्हणून माणूस अनाम ठरत नाही, हा विवेक तिथे दिसतो.

देवासशी निगडित एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. १९२१ साली तुकोजीराव महाराजांचे खासगी चिटणीस म्हणून काही महिने राहिलेले इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर आपल्याला ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकामुळे माहीत आहेत. महायुद्धात ते अलेक्झांड्रियात रेडक्रॉसचे काम करीत होते. इस्पितळांतल्या जखमी शिपायांच्या खाटेशी बसून, बेपत्ता सोबत्यांचे काय झाले हे विचारायचे आणि ते टिपून घ्यायचे, हे त्यांचे काम. ज्यांची नावे टिपायला कुणी बसले नाही, त्यांच्यासाठी ते काम अजून उरलेलेच आहे.

२००३ साली अमेरिकेने इराकमध्ये सैन्य पाठविण्याची विनंती केली, तेव्हा भारताने विचारविनिमय करून नकार दिला. १९१४ साली आपल्याला कुणी विचारलेही नव्हते. ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार काय मोलाचा असतो, हे त्या भिंतीवरील आकडे सांगतात.

माझी आपल्याला एकच विनंती आहे. माळव्यातल्या आपल्या कित्येक कुटुंबांची मुळे सातारा, पुणे, कोकण येथे आहेत. आजीच्या पेटीत एखादे जुने पदक असेल, तर ते मोडीत देऊ नका. त्याची कड उजेडात धरून पाहा. तिथे इंग्रजी अक्षरांत शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. पत्र असेल, पेन्शनचा कागद असेल, तोही आणा. या ग्रंथालयाने एक वही उघडावी आणि त्यात ती नावे देवनागरीत उतरवून घ्यावीत. दुसऱ्या शतकाच्या पहिल्या दप्तरनोंदी त्या असाव्यात, इतकेच मागून मी आपली रजा घेतो.