दोराची अक्कल
(तरुण कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण)



जुनी माणसं मरताहेत आणि त्यांच्याबरोबर त्यांची विद्याही मसणात चाललीय, असं हल्ली जो तो म्हणतो. म्हणणारे दोन प्रकारचे. एक पांढरपेशे. ते हस्तकलेच्या प्रदर्शनात जातात, सुंभाची पिशवी विकत घेतात आणि गावगाडा मोडला म्हणून उसासे टाकतात. त्या गाड्याचं जू कुणाच्या मानेवर होतं, हे त्यांना आठवत नाही. दुसरी आपलीच पोरं. ती म्हणतात, गेलं ते बरं झालं, आता कशाला उकरता?

मला आधी आपल्या पोरांचं पटतं. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला मेलेलं ढोर आणि उष्टं सोडायला सांगितलं. १९२८ मध्ये महारवतनाचा कायदा बदलायला मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडलं. वतन मोडणारा कायदा यायला १९५८ साल उजाडलं. २०१६ च्या जुलैत उन्यात मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या पोरांना बडवलं, तेव्हा गुजरातच्या आपल्या माणसांनी मेलेली जनावरं उचलली आणि सुरेंद्रनगरच्या कलेक्टर कचेरीपुढं नेऊन टाकली. झकास केलं. माणसाला सुरक्षा साधनांशिवाय गटारात उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा ठरवलं, तरी माणसं उतरवली जातात आणि मरतात. त्या कामाचं कसब आज मेलं तर मी डोळ्यातून टिपूस काढणार नाही.

पण काम वेगळं आणि कसब वेगळं. माझा मुद्दा एवढाच आहे.

माझा आजा मांग. दोर वळायचा. घायपाताची पानं पाण्यात कुजवायची, ठेचायची, धुवायची, मग आतला वाख निघतो. वाखाचा धागा एका अंगाला पिळायचा. त्या धाग्यांचे तीन पदर उलट्या अंगाला पिळायचे. पदर सुटायला बघतो तेव्हा धागा आवळतो, धागा सुटायला बघतो तेव्हा पदर आवळतो. दोघं एकमेकाला सुटू देत नाहीत. म्हणून दोर टिकतो. गावाची मोट, गावाचे बैल, गावाचा पोहरा या दोरावर चालला. बदल्यात सुगीला खळ्यावर चार पसे धान्य, तेही लांबून टाकलेलं. आणि नाव काय दिलं? अडाणी! ज्याच्या हातात पिळाचा सगळा हिशेब तो अडाणी, आणि ज्याला दाव्याची गाठ मारता येत नाही तो शहाणा.

आज्यानं माझ्या बापाला दोर वळायला शिकवलं नाही. म्हणाला, हे शिकलास तर गाव तुला सोडायचं नाही. बरोबर बोलला. आज्याबरोबर दोर गेला.

मी गोदीत ठेकेदाराकडं आहे. मॅट्रिक झालोय, कविता लिहितो आणि स्टीलची कॉइलं उतरवतो. तिथं मला दोर परत भेटला. त्याची अक्कल मला दिली आमच्या चाळीतल्या एका म्हाताऱ्यानं. जुना गोदी कामगार. सहीपुरती अक्षरं यायची त्याला. त्यानं सांगितलेल्या तीन गोष्टी तुम्हाला सांगतो.

पहिली. दोन टनाचा माल स्लिंगच्या दोन उभ्या पायांवर उचलला तर एकेका पायावर एक टन येतो. पाय फाकले की भार वाढतो. दोन पायांतला कोन १२० अंश झाला की एकेका पायावर पुरे दोन टन! मी हे वहीत त्रिकोण काढून पडताळलं. म्हातारा नुसती दोन बोटं फाकवून दाखवायचा, एवढ्याच्या पुढं गेलं तर माल उचलू द्यायचा नाही, लांब स्लिंग मागायचा.

दुसरी. ताणलेल्या दोराच्या रेषेत उभं राहायचं नाही. नायलॉन रबरासारखा ताणतो आणि तुटला की चाबकासारखा उलटतो. हाडं मोडतो, जीव घेतो. वाखाचा, काथ्याचा दोर असेल तर पीळ उघडून आत बघायचं. आत भुगा दिसला तर वरून कितीही धड असू दे, तो दोर मेलेला समजायचा.

तिसरी. बंद राहिलेला फाळका उघडला की लगेच जहाजाच्या पोटात उतरायचं नाही. भंगार लोखंड गंजताना आतला प्राणवायू खातं. लाकडाचे ओंडकेही खातात. धूर नाही, वास नाही. माणूस शिडीच्या तळाशी कोसळतो आणि त्याला काढायला धावलेला दुसराही त्याच्या अंगावर कोसळतो. म्हाताऱ्यांना हे पुस्तकानं शिकवलं नाही. त्यांनी मढी वर काढलेली. आता हवा तपासायचं मीटर असतं. पण ते मागायचं असतं, आणि मिळेपर्यंत उतरायचं नसतं, हे कुणीतरी सांगायला लागतं ना?

पूर्वी टोळी हीच शाळा होती. नवा पोरगा जुन्याच्या हाताखाली राबायचा, बघायचा, शिव्या खायचा, शिकायचा. 'हबेस' म्हटलं की उचल, 'आर्या' म्हटलं की खाली सोड, ही बोलीही तिथंच कानात बसायची. १९८९ साली न्हावा शेवाचं बंदर सुरू झालं, माल २० आणि ४० फुटी खोक्यांत बंद झाला. १९९४ साली मुंबईचं डॉक लेबर बोर्ड पोर्ट ट्रस्टमध्ये मिसळलं. टोळ्या विरल्या. पाठीवरची गोणी उतरली याचं मला दुःख नाही, यंत्रानं ती खुशाल उचलावी. पण जे काम उरलं ते ठेकेदाराकडं गेलं. त्याला आज भरती केलेला पोरगा आज रात्रीच फाळक्यात पाहिजे.

मागल्या पावसाळ्यात एक एकोणीस वर्षांचा पोरगा ताणलेल्या दोराच्या रेषेत उभा होता. दोर तुटला. पाय गुडघ्याखाली गेला. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, पोराला अक्कल नव्हती. अरे, अक्कल नव्हती नाही! अक्कल देणारा तुम्ही घरी बसवला होता.

म्हणून सांगतो, ही विद्या जपायची ती भिंतीवर टांगायला नव्हे. पोरगा जिवंत राहावा म्हणून, आणि "नाही उतरत" म्हणताना त्याच्याजवळ कारण असावं म्हणून.

आपण बापाच्या दुःखावर पुष्कळ कविता केल्या. त्याचे सोललेले हात लिहिले. ते हात काय जाणत होते, हे फार थोडं लिहिलं. व्यवस्थेनं त्याला नुसतं अंग समजलं, डोकं नाही. आपणही त्याला नुसती जखम समजणार काय?

तेव्हा या रविवारी वस्तीतल्या एका म्हाताऱ्यापुढं, एका म्हातारीपुढं वही घेऊन बसा. किती सोसलं ते विचाराच, पण कसं करायचा तेही विचारा. बाळंतीण अडली तर सुईण काय बघायची? भट्टीचा जाळ कसा ओळखायचा? मग घरी येऊन दोन ढीग करा. ज्या कामात आपली मान वाकवली, त्या कामाची सक्ती एका ढिगात. तो जाळा. हातातली अक्कल दुसऱ्या ढिगात. ती सगळ्या जातींच्या पोरांना शिकवा, जन्मानं कुणालाच चिकटवू नका.

पण लवकर करा. माझ्या चाळीतला म्हातारा माघात गेला. तीन गोष्टी मला मिळाल्या. तो चाळीस वर्षं गोदीत होता.

जय भीम!